कचऱ्यातले सूक्ष्मजीव, उद्योगांना लागणारी एन्झाइम्स आणि प्लेटवरचं वलय

मृद्गंधी (धागाकर्ती)

कचऱ्यातून एन्झाइम (पदार्थ तोडणारी किंवा बदलणारी प्रथिनं) देणारे सूक्ष्मजीव शोधण्याचं काम आज असंख्य प्रयोगशाळांत चालू आहे आणि ते चालू राहावं असं मला मनापासून वाटतं. कचऱ्याची जागा म्हणजे सूक्ष्मजीवांपुढे वर्षानुवर्षं एकाच प्रकारचं खाद्य पडत राहण्याची जागा. तेलगिरणीच्या सांडपाण्यात लायपेज (तेल तोडणारं एन्झाइम) सोडणारे टिकतात, कत्तलखान्याच्या गाळात प्रोटिएजवाले (प्रथिनं तोडणारे), कागद कारखान्याच्या गाळात सेल्युलेज आणि झायलनेजवाले (लाकडातलं सेल्युलोज आणि झायलन तोडणारे), कापड रंगवण्याच्या सांडपाण्यात रंगद्रव्यं तोडणारे. निवडीचं बरंचसं काम त्या जागेनेच आधी करून ठेवलेलं असतं.

पण पुढे जे होतं ते मला खटकतं. नमुना आणायचा, पातळ करत करत प्लेटवर (आगरच्या जेलीसारख्या थरावर) पसरायचा, कॉलनीभोवती एन्झाइमने खाद्य तोडल्यामुळे दिसणारं वलय मोजायचं, सगळ्यात मोठ्या वलयाची कॉलनी उचलायची, जिवाणूची ओळख पटवणाऱ्या १६ एस जनुकाचा क्रम काढून नाव शोधायचं, तापमान आणि पीएचचे आलेख काढायचे, झालं. बहुतेक प्रबंध याच वाटेने जातात. हे एन्झाइम शेवटी कुठे, कशाच्या संगतीत आणि किती वेळ काम करणार आहे, हा प्रश्न कुठेच येत नाही. आला तरी शेवटच्या परिच्छेदात, 'उद्योगात उपयोग होऊ शकेल' एवढ्यापुरता.

वलयाचा आकार एन्झाइमच्या मात्रेवर अवलंबून असतो, हे खरं. पण कॉलनी किती झपाट्याने वाढली, एन्झाइमचा रेणू केवढा आहे, तो आगरमधून किती पसरतो, आगरचा थर किती जाड आहे, प्लेट किती वेळ उबवली, यावरही तो तितकाच अवलंबून असतो. लहान रेणूचं सामान्य एन्झाइम मोठं वलय देऊ शकतं. क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलमसारख्या जिवाणूची सेल्युलेजं 'सेल्युलोसोम' या मोठ्या संकुलात बांधलेली आणि बरीचशी पेशीला चिकटलेली असतात. तो जिवाणू सेल्युलोजवर अत्यंत प्रभावी आहे, पण वलयाच्या स्पर्धेत अशी एन्झाइम्स मागे पडणार.

म्हणून माझा आग्रह असा की काम शेवटाकडून सुरू करावं. कपडे धुण्याच्या पावडरीचं उदाहरण घेऊ. ऑटो र्‍योमने १९१३ मध्ये प्राण्यांच्या स्वादुपिंडातली एन्झाइम्स धुलाईत वापरून पाहिली, पण साबण-सोड्याच्या अल्कलीत ती नीट टिकत नव्हती. १९५९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये 'बायो ४०' नावाची पावडर आली. तिच्यात जिवाणूचं प्रोटिएज होतं आणि तिथून हा व्यवसाय खरा उभा राहिला. धुण्याच्या पाण्याचा पीएच ९ ते ११ असतो. त्यात फेस आणणारी द्रव्यं असतात, कॅल्शियम पकडून ठेवणारी द्रव्यं असतात (आणि सबटिलिसिन या जिवाणूच्या प्रोटिएजच्या स्थिरतेला कॅल्शियम हवंच असतं), शिवाय ब्लीच असतं. ब्लीचमुळे सबटिलिसिनमधलं २२२ क्रमांकाचं मेथायोनिन ऑक्सिडाइज होतं आणि एन्झाइम मंदावतं. ते एक अमिनो आम्ल बदलून ब्लीच सोसणारं सबटिलिसिन बनवल्याचं काम १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं. आता ७ पीएचच्या दूध-आगरवर सगळ्यात मोठं वलय देणाऱ्या जिवाणूला या पाण्याबद्दल काय ठाऊक? चाळणीच १० पीएचला, सोडा आणि थोडं डिटर्जंट घालून का लावू नये? जपानी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कोकी होरिकोशींनी १९६८ च्या सुमारास माध्यमात सोडियम कार्बोनेट घालून अल्कलीप्रेमी जिवाणू वेगळे करायला सुरुवात केली आणि त्यातून एक आख्खी शाखा उभी राहिली.

दुसरं उदाहरण कागदाच्या लगद्याचं. ब्लीचिंगआधी झायलनेज वापरलं तर क्लोरीन कमी लागतं, हे फिनलंडमधल्या संशोधकांनी १९८६ मध्ये दाखवलं. पण त्या झायलनेजसोबत सेल्युलेज आलं तर ते तंतूच खातं आणि कागद कमजोर होतो. म्हणजे इथे झायलनच्या प्लेटवर वलय हवं आणि सीएमसीच्या (विरघळणाऱ्या सेल्युलोजच्या) प्लेटवर ते नको. कातडीवरचे केस काढण्यासाठीच्या प्रोटिएजचंही असंच. केसांच्या मुळाशी असलेली प्रथिनं सुटली पाहिजेत, पण कोलॅजेनला धक्का लागता कामा नये. 'काय करत नाही' याची प्लेट लावलेली मला फार कमी ठिकाणी दिसते.

या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी कृपया लिहावं. तुम्ही पहिली चाळणी कशी लावता?


निहारिका_सू

धागा अगदी योग्य वेळी आला. माझं पदव्युत्तर प्रकल्पाचं काम चालू आहे, कागदाच्या गाळातून सेल्युलेज. एका जिवाणूचं काँगो रेड या रंगाच्या प्लेटवर खूप मोठं आणि स्वच्छ वलय येतं. पण त्याच कल्चरच्या गाळलेल्या द्रवात फिल्टर पेपरची पट्टी टाकली तर जवळजवळ काहीच होत नाही. मार्गदर्शक म्हणतात वलय चांगलं आहे, पुढे चला. मला ते पटत नाहीये. हे आयसोलेट (वेगळा केलेला जिवाणू) बाद समजायचं का?


मृद्गंधी

निहारिका, बाद अजिबात नाही, पण ते काय करतं हे नीट समजून घ्या.

काँगो रेडची पद्धत टेदर आणि वुड यांनी १९८२ मध्ये दिली. रंग लांब बीटा-ग्लुकन साखळ्यांना चिकटतो, मग मिठाच्या द्रावणाने धुतल्यावर जिथे साखळ्या तुटल्या आहेत तिथे फिकं वलय दिसतं. पण सीएमसी हे विरघळणारं, रासायनिक बदल केलेलं सेल्युलोज आहे. त्याची साखळी मधूनच कापणारं एंडोग्लुकनेज एकटं असलं तरी मोठं वलय येतं. फिल्टर पेपरमधलं सेल्युलोज बरंचसं स्फटिकरूप असतं. ते संपवायला टोकाकडून सेलोबायोज सोडवणारं सेलोबायोहायड्रोलेज लागतं आणि त्या सेलोबायोजचं ग्लुकोज करणारं बीटा-ग्लुकोसायडेज लागतं. शेवटचं नसेल तर सेलोबायोज साचतं आणि तेच आधीच्या एन्झाइमला अडवतं.

फिल्टर पेपर युनिटची प्रमाणित पद्धत आहे: व्हॉटमन क्र. १ ची १ × ६ सेंमी पट्टी (सुमारे ५० मिग्रॅ), ५० अंश सेल्सिअस, एक तास. पीएच ४.८ हा ट्रायकोडर्माच्या एन्झाइमसाठी धरलेला आहे. तुमचा जिवाणू ७ पीएचला काम करणारा असेल तर त्याला ४.८ ला तपासून नापास करणं अन्यायाचं होईल. आधी तेवढं पाहा.

आणि निव्वळ एंडोग्लुकनेजलाही काम आहे. सुती कापडावरचा उठलेला लव काढायला, जीन्सला धुवट रूप द्यायला मुख्यतः तेच वापरतात. तुमचं आयसोलेट त्या दारात जाऊन उभं राहू शकेल.


आंबवणी

मी किण्वनाच्या (सूक्ष्मजीव टाकीत वाढवण्याच्या) बाजूचा माणूस, त्यामुळे थोडं पुढच्या टप्प्याचं लिहितो.

प्रयोगशाळेतून आमच्याकडे येणाऱ्या आयसोलेटबद्दल मी पहिला प्रश्न विचारतो तो ग्लुकोजचा. कचऱ्यातला जिवाणू एन्झाइम बनवतो ते सोपी साखर मिळत नाही म्हणून. साखर मिळाली की तो ते जनुक बंद करतो. प्लेटवर त्याच्यापुढे फक्त स्टार्च किंवा झायलन होतं, तेव्हा वलय झकास आलं. टाकीत वाढीसाठी साखर घातली की उत्पादन कोसळतं. त्यामुळे दुसऱ्या फेरीत तीच प्लेट थोडं ग्लुकोज घालून पुन्हा लावावी. तिथेही वलय देणारी कॉलनी हाती लागली तर ती जपून ठेवावी.

यावर ट्रायकोडर्मा रीसीचा इतिहास वाचण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापड कुजत होतं. त्यातून क्यूएम ६ ए ही बुरशी मिळाली. एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी तिच्यावर पुढे अनेक वर्षं काम केलं. मग रटगर्स विद्यापीठात अतिनील किरणं आणि रसायनं वापरून तिच्यापासून रुट सी-३० हा उत्परिवर्ती प्रकार मिळवला. तो मूळ बुरशीपेक्षा कितीतरी जास्त सेल्युलेज सोडतो आणि ग्लुकोजने फारसा दबतही नाही. कुजलेल्या कापडापासून इथवर यायला काही दशकं लागली. 'कचऱ्यातून मिळाला आणि थेट उद्योगात गेला' असं सहसा होत नाही. नवख्या मुलांना हे आधीच सांगितलं तर त्यांचा हिरमोड होणार नाही.

आज तर बऱ्याचदा मूळ जीव वापरतच नाहीत. जनुक उचलतात आणि बॅसिलस, अ‍ॅस्परजिलस किंवा पिकिया यांच्यासारख्या ओळखीच्या जीवात बसवतात. औद्योगिक बॅसिलस लिटरमागे २० ग्रॅमच्या घरात प्रथिन बाहेर सोडू शकतात. जंगली आयसोलेटला ते जमणं अवघड.


फायटेट

धागाकर्तीच्या यादीत भर. खोट्या वलयाचा सगळ्यात ठळक नमुना म्हणजे फायटेज (धान्यातलं फायटेट तोडणारं एन्झाइम). कॅल्शियम फायटेटची पांढरी प्लेट असते आणि फायटेज असेल तर ती पारदर्शक होते. अडचण अशी की कॅल्शियम फायटेट आम्लात नुसतंच विरघळतं. त्यामुळे आम्ल सोडणारी कुठलीही कॉलनी, फायटेज असो वा नसो, सुंदर वलय देते. कचऱ्याच्या नमुन्यांत आम्ल बनवणारे भरपूर असतात.

यावर १९९९ मध्ये सुचवलेला उपाय सोपा आहे. कॉलन्या धुऊन काढायच्या, प्लेटवर कोबाल्ट क्लोराइडचं द्रावण ओतायचं, मग अमोनियम मोलिब्डेट आणि व्हॅनाडेटचं. आम्लाने झालेलं वलय पुन्हा पांढुरकं होतं, खऱ्या फायटेजचं तसंच स्वच्छ राहतं. इतकी सोपी खातरजमा न करता छापलेले निकाल पाहिले की फार वाईट वाटतं.

लायपेजच्या बाबतीतही ट्रायब्युटिरिन या साध्या मेदावर थांबू नये. त्याच्या आखूड साखळ्या साधी एस्टरेजंही तोडतात. ऑलिव्ह तेल आणि रोडामाइन बी घातलेली प्लेट अतिनील प्रकाशाखाली धरली आणि नारिंगी चमक दिसली तर लांब साखळीच्या तेलावर काम होतंय असं म्हणता येतं.


ढवळणी

सगळं मान्य, पण एक बाजू मांडते. वलयाच्या प्लेटला लागतं काय? आगर, सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ), उबवणपेटी. महागडी यंत्रं नसलेल्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांना हेच एक दार उघडं आहे. पहिल्या चाळणीत हजारो कॉलन्या पाहायच्या असतात. तिथे प्रत्येक कॉलनीचं अचूक मोजमाप करत बसलं तर चाळणीच होणार नाही. ढोबळ पद्धतीचं मोल कमी लेखू नये अशी कळकळीची विनंती.


मृद्गंधी

ढवळणी, पूर्ण सहमत. माझी तक्रार वलयावर थांबण्याबद्दल आहे, वलय वापरण्याबद्दल नाही. १० पीएचची प्लेट ७ पीएचच्या प्लेटइतकीच स्वस्त असते. उबवणपेटी ३७ ऐवजी ५५ वर ठेवायला जास्तीचं काही लागत नाही. तेवढा विचार आधी करावा, इतकंच मागणं.


पानगळ

कंपोस्ट आणि प्लास्टिकबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या मते या विषयातल्या सगळ्यात शिकवणाऱ्या गोष्टी तिथेच आहेत.

जपानमधल्या साकाई इथे पेट (PET) प्लास्टिकच्या बाटल्यांचं पुनर्चक्रीकरण होतं तिथल्या परिसरातून संशोधकांनी गाळ, माती, सांडपाणी असे पेटचे कण मिसळलेले २५० नमुने घेतले. पेटची पातळ फिल्म हाच मुख्य कार्बनस्रोत ठेवला. एका नमुन्यात फिल्मवर सूक्ष्मजीवांचा मिश्र समूह वाढला. त्यात जिवाणू होते, यीस्टसारख्या पेशी होत्या, आदिजीवही होते. तो समूह पातळ करत जाऊन शेवटी इडिओनेला साकाईएन्सिस हा जिवाणू वेगळा केला. त्याचं पेटेज पेट तोडतं आणि त्यातून निघणारा एमएचईटी हा तुकडा एमएचईटेज पुढे तोडतं. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ३० अंशाला पातळ फिल्म जवळजवळ पूर्ण संपायला सहा आठवडे लागले. आणि ती फिल्म कमी स्फटिकतेची होती. बाटलीतलं प्लास्टिक त्यापेक्षा खूप जास्त स्फटिकरूप असतं.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. २०१२ मध्ये ओसाका विद्यापीठाच्या गटाने पाला आणि फांद्यांच्या कंपोस्टमधून जीव वाढवलेच नाहीत. थेट डीएनए काढला, त्याचे तुकडे ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूत घातले आणि त्या कॉलन्या ट्रायब्युटिरिनच्या प्लेटवर तपासल्या (हो, तीच वलयाची साधी प्लेट!). त्यातून एलसीसी हे क्युटिनेज मिळालं. क्युटिन म्हणजे पानावरचा मेणचट थर, तोही एक पॉलिएस्टरच. कंपोस्ट तापतं, त्यामुळे त्यातल्या एन्झाइमला उष्णता सोसायची सवय. २०२० मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी एलसीसीत चार बदल केले आणि ७२ अंशाला १० तासांत पेटचं किमान ९० टक्के विघटन करून दाखवलं. त्यासाठी प्लास्टिकची स्फटिकता आधी कमी करून ते बारीक दळावं लागतं, हे विसरू नये.

पेट ७० अंशांच्या आसपास मऊ पडतं, साखळ्या हलू लागतात आणि एन्झाइमला शिरकाव मिळतो. त्यामुळे बाटल्यांच्या ढिगाशेजारचा जिवाणू कितीही विलक्षण असला तरी कारखान्याच्या टाकीत पान कुजवणाऱ्या अनोळखी जीवाचं एन्झाइम पुढे गेलं. कचरा निवडताना 'हाच पदार्थ कुठे पडलाय' एवढंच पाहू नये. 'हाच बंध, हेच तापमान कुठे आहे' असंही पाहावं.


निहारिका_सू

@पानगळ, म्हणजे कल्चर करण्यापेक्षा थेट डीएनए काढणं बरं असं म्हणायचंय का?


पानगळ

तसं सरसकट म्हणणार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशी आणि प्लेटवर उगवणाऱ्या कॉलन्या यांतली प्रचंड तफावत स्टेली आणि कोनोप्का यांनी १९८५ मध्ये 'ग्रेट प्लेट काउंट अ‍ॅनोमली' या नावाने मांडली. मातीसारख्या नमुन्यात साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी जीव नेहमीच्या माध्यमावर वाढतात. डीएनएची वाट उरलेल्यांपर्यंत पोचवते. पण ई. कोलाय प्रत्येक परक्या जनुकाचं प्रथिन नीट बनवेल, घडी घालेल, बाहेर सोडेल याची खात्री नसते. आणि केवळ क्रमाच्या साम्यावरून शोधलं तर आधी माहीत असलेल्या एन्झाइमचीच भावंडं सापडतात. अगदी नवी रचना सापडायची तर जिवंत जीवाचं काम डोळ्यांनी पाहावं लागतं. इडिओनेला तसाच सापडला.


अनघा_जी

एक कळकळीची सूचना, कारण धाग्यात अजून कुणी सुरक्षिततेबद्दल बोललेलं नाही.

उष्णता सोसणाऱ्या बुरशा हव्यात म्हणून कंपोस्टचा नमुना ४५-५० अंशाला उबवला की हमखास वर येणाऱ्यांत अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटस असते. ती सेल्युलेज आणि झायलनेज उत्तम देते, त्यामुळे चाळणीत पहिलीही येते. आणि तीच प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांच्या फुप्फुसांत जीवघेणा संसर्ग करते. तिचे बीजाणू प्लेटचं झाकण उघडताच हवेत जातात. अशी प्लेट उघड्या टेबलावर हुंगायची नाही, दाखवायची नाही. टेप लावून बंद ठेवायची आणि जैवसुरक्षा कपाटातच उघडायची.

नमुना ८० अंशाला १० मिनिटं तापवून बीजाणूवाले बॅसिलस निवडणं ही प्रोटिएजवाल्यांची आवडती युक्ती. त्यात अन्नविषबाधा करणारा बॅसिलस सेरियसही येतो. १६ एस क्रमावरून सेरियस, थुरिंजिएन्सिस आणि अँथ्रासिस (अँथ्रॅक्सचा जिवाणू) यांत भेद करणं जवळजवळ अशक्य आहे. 'बॅसिलस प्रजाती, ९९ टक्के साम्य' एवढ्यावर ते कल्चर प्रयोगशाळाभर फिरवू नका. सांडपाण्यातून लायपेजसाठी मिळणाऱ्या स्यूडोमोनास एरुजिनोसा या रोगकारक जिवाणूचीही तीच गोष्ट.

एन्झाइमची पावडरही निरुपद्रवी नसते. १९६० च्या दशकाच्या शेवटी धुलाई पावडरीच्या कारखान्यांत प्रोटिएजची धूळ श्वासात जाऊन कामगारांना दम्याचा त्रास झाला. त्यानंतर एन्झाइमवर आवरण चढवून दाणे करायची पद्धत आली.


आंबवणी

अनघाताईंचा प्रतिसाद प्रत्येक विभागाने वाचायला हवा. त्याला एक व्यावहारिक जोड: रोगकारक गटातला मूळ जीव कारखान्याच्या टाकीत कुणी घेणार नाही. पण त्याचं एन्झाइम खरंच वेगळं असेल तर जनुक सुरक्षित जीवात नेता येतं. त्यामुळे कल्चर घाईने नष्ट करू नका, आधी क्रम काढून ठेवा.

कागदपत्रांकडेही लक्ष असू द्या. दुसऱ्या देशातला नमुना असेल तर नागोया करार (जैविक संसाधनांच्या वापराबद्दलचा, २०१० चा, २०१४ पासून लागू) आणि त्या देशाचे नियम लागू होऊ शकतात. संमती नमुना घेण्याआधी मागायची असते, एन्झाइम चांगलं निघाल्यावर नाही. पेटंट हवं असेल तर १९७७ च्या बुडापेस्ट कराराखाली मान्यता असलेल्या संग्रहात कल्चर जमा करता येतं.


निहारिका_सू

सगळ्यांचे खूप आभार. शेवटचा प्रश्न. डीएनएस पद्धतीने (सुटलेली साखर रंगावरून) मोजते तेव्हा माझ्या गाळलेल्या द्रवात आकडे दर वेळी खूप वर येतात, सब्स्ट्रेट न घालताही. हे एन्झाइम आहे की आणखी काही?


मृद्गंधी

सब्स्ट्रेट न घालता आकडा येतोय म्हणजे द्रवातच क्षपणकारी शर्करा आहे. गाळ किंवा कोंड्यासारखं माध्यम वापरलं की असं होतंच. प्रत्येक नमुन्यासाठी दोन कोऱ्या नळ्या ठेवा: एक फक्त एन्झाइमची, एक फक्त सब्स्ट्रेटची. दोन्हींचं वाचन वजा करा. फरक फारच लहान उरत असेल तर द्रव आधी डायलिसिस करून (पडद्यातून साखरेचे छोटे रेणू काढून) घ्या किंवा अमोनियम सल्फेटने प्रथिन खाली आणून बफरमध्ये पुन्हा विरघळवा.

मग फिल्टर पेपरची चाचणी तुमच्या जिवाणूच्या पीएचला करा, एकदा नुसती आणि एकदा बाहेरून बीटा-ग्लुकोसायडेज घालून. दुसऱ्या वेळी आकडा चांगला वाढला तर तुमच्याकडे टोकाकडून तोडणारं एन्झाइम आहे आणि फक्त शेवटची पायरी कमी पडतेय. मुळीच वाढला नाही तर एंडोग्लुकनेज धरून कापडाच्या दिशेने जा.

आणि हे सगळं करण्याआधी पहिल्या शुद्ध प्लेटवरूनच ग्लिसरॉल घालून काही कुप्या उणे ८० ला ठेवून द्या. सोप्या माध्यमावर पुन्हापुन्हा वाढवलेली कल्चर्स एन्झाइम बनवणं कमी करत जातात, तेव्हा परत जायला मूळ पिढी हाताशी हवी.